कॅसेटमधलं पाचवं माणूस

स्वरूपाला तिच्या बापाचा आवाज ऐकायचा होता. लग्न ठरलेल्या पोरीनं आजीकडं काय मागावं? बोरमाळ मागावी, पैठणी मागावी. ही बया आवाज मागत होती. हळदीच्या दिवशी मांडवात स्पीकरवर बाबांचा आवाज लावायचा म्हणे, म्हणजे ते आल्यासारखं वाटेल.

"तुझ्या कपाटात त्या बारक्या कॅसेटी आहेत ना, आजी? आबांनी सांगितलं होतं मला."

आबा म्हणजे आमचे मालक, उद्धवराव. चौतीस वर्षं कंपनीत मशीनसमोर उभे राहिले, घरात कधी चार शब्द बोलले नाहीत, आणि मरायच्या आधी नको तिथं तोंड उघडून गेले. पुरुषाची जात अशीच. सगळं आयुष्य गप्प बसतील आणि जाताना घराला काडी लावून जातील.

"आहेत," मी म्हणलं. नाही म्हणून सांगणार कशी? "पण त्या चालायच्या नाहीत आता."

"चालतात गं. दुकानात देतात करून. मी शनिवारी घेऊन जाते."

"तू नको. तुझी तळवड्याची नोकरी, तुला सवड कुठं? मी जाते."

पोरगी खूश झाली, माझे गालगुच्चे घेतले तिनं. तिला वाटलं आजीला हौस आली. मला धास्ती पडली होती. त्या कॅसेटींत रवीचा आवाज होता तसा तिचाही होता. वर्षालीचा. स्वरूपाच्या आईचा.

आता तुम्हाला सगळं सांगते, मग मला काय म्हणायचं ते म्हणा. रविराज माझा एकुलता एक. चाकणला कंपनीत पर्मनंट. दुबईवरून आलेल्या मित्राकडनं त्यानं हँडीकॅम घेतला आणि बायकोच्या हातात दिला. झालं, त्या बाईला वेडच लागलं. पोरगी रांगली, काढ शूटिंग. पोरगी जेवली, काढ. भाकरी तव्यावर जळतीय आणि ही कॅमेरा घेऊन पोरीच्या मागं. स्वरूपाच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी म्हणाली, "अहो, कॅसेट संपली, येताना नवी आणा." रोज कंपनीच्या बसनं येणारा माझा मुलगा त्या दिवशी मित्राची मोटारसायकल घेऊन निघाला, पिंपरी कॅम्पातनं कॅसेट घ्यायची म्हणून. कॅसेट घेतली. नाशिक फाट्याला कंटेनरनं उडवलं. खिशात कोरी कॅसेट होती, वरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

तेराव्याला मी वर्षालीच्या भावाला बोलावलं. म्हणलं, तुझी बहीण घेऊन जा, पोर इथंच राहील, पोर आमच्या रक्ताची आहे. ती पाया पडली माझ्या. मी पाय मागं घेतले. नंतर तीनदा दारात आली, फाटकाला धरून उभी राहायची, तिन्ही वेळा मी आतनं कडी घातली. मालक म्हणायचे, "अगं, असं करू नये." मी म्हणायची, "तुमचा मुलगा आणून द्या, मग तिला आत घेते." मग ते डबा उचलून कंपनीत निघायचे. पोरगी मोठी झाली, विचारायला लागली, तेव्हा सांगितलं की तुझी आई तुला टाकून गेली. फोटो सगळे मी आधीच फाडले होते. पोरीनं दोनचार वर्षं विचारलं, मग सोडून दिलं. लहान पोरं शहाणी असतात, जिथं उत्तर मिळत नाही तिथं फार काळ हात लांब करून बसत नाहीत.

कोरोनात वर्षालीच्या भावाचा फोन आला. गेली म्हणाला. दवाखान्यात बेड मिळाला नाही. दुसरं लग्न नव्हतं केलं तिनं, कुठं शिवणकाम करायची. "स्वरूपाला सांगा," म्हणाला. मी बरं म्हणलं, फोन ठेवला आणि कुकर लावला. आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. भाऊही वर्षभरात गेल्याचं कानावर आलं.

तर मी दुकानात गेले. आमच्या पिंपळे गुरवातच, चौकाच्या आत, फोटो स्टुडिओ. दुकानवाला मधुसूदन नावाचा, पन्नाशी उलटलेला, चष्मा नाकावर, पूर्वी लग्नांची शूटिंग करायचा. मी चार कॅसेटी त्याच्यापुढं ठेवल्या. त्यानं उजेडात धरून बघितल्या.

"बुरशी आहे थोडी, काकू, पण निघेल. ही चौथी कोरीच दिसतेय."

"ती राहू द्या. तीनच करा."

"पेनड्राइव्हवर देऊ?"

"नको. तबकडी द्या. ज्यात कुणाला नंतर काही करता येत नाही ती."

तो हसला. "डीव्हीडी म्हणता. देतो. परवा या."

"परवा कशाला? मी बसते इथं."

"अहो काकू, हे झेरॉक्ससारखं नसतं. कॅसेट जेवढी आहे तेवढी पूर्ण चालवावी लागते. दीड तासाची कॅसेट, दीड तास. घाई चालत नाही."

"मग दीड तास बसते. रोज एक. कुठं कापायचं ते मी सांगणार."

त्यानं कोपऱ्यातलं स्टूल पुढं ओढून दिलं. मी पदर खोचून बसले. माझा बेत सोपा होता. जिथं ती दिसेल तिथं सांगायचं, इथनं इथपर्यंत काढा. कोथिंबीर निवडताना पिवळं पान काढतो तसं.

मशीन खरखरलं, पडद्यावर रेघा आल्या आणि मग रवी आला. बनियनवर, पोरगी खांद्यावर, आमच्या जुन्या दोन खोल्यांच्या दारात. "ए चिमणे, सांग, कंपनीत कोण जाणार? तू जाणार का मी जाऊ?" असं म्हणत होता. बावीस वर्षांनी आवाज ऐकला मी त्याचा. तोंडात पदर कोंबला. जड आवाज होता, जरा घोगरा, शेवटचा शब्द ओढायची सवय. मी विसरले होते. आई असून विसरले होते. काय सांगू तुम्हाला, त्या स्टुलावर मला देव भेटला.

आणि लगेच मागनं तिचा आवाज. "अहो, बोलताय काय, आधी तिचं नाक पुसा!" आणि खिदळणं.

मी सरसावून बसले. कधी दिसते बघते. पहिली कॅसेट संपली, दिसली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी, दिसली नाही. तिसऱ्या दिवशी तिसरी. एकदाही नाही! कशी दिसणार? कॅमेरा तिच्याच हातात. एकदा फक्त एक हात पुढं आला, हिरव्या बांगड्यांचा, पोरीचं नाक पुसून गेला. बाकी साडेचार तास बाई कुठंच नव्हती आणि सगळीकडं होती. रवी एक शब्द बोलला की ही चार बोलायची. तो हसला की त्याच्यावर ही हसायची. दिवाळीत, न्हाऊ घालताना, सगळ्यांच्या वरताण हिचा आवाज.

"जवळ असल्यामुळं मोठा येतो," मधुसूदन म्हणाला. "शूटिंग करणाऱ्याचा आवाज नेहमी असाच येतो. कोण आहेत या?"

"कुणी नाही."

तिसऱ्या कॅसेटीत पोरगी भिंतीला धरून उभी आहे. मागनं वर्षाली म्हणते, "कोण आहे गं मी? सांग, कोण आहे?" पोरगी सरळ समोर बघते, पडद्यातनं आपल्याकडंच बघितल्यासारखी, आणि म्हणते, "आई." मग पुन्हा, "आई, आई," करत दुडदुडत येते, येते, आणि चित्र हलतं, अंधार होतो. उचलून घेतलं असणार.

मी उठून उभी राहिले. या पोरीला मी वाढवलं. गोवरात रात्रंदिवस मांडीवर घेऊन मी बसले. आणि ही उद्या मांडवात शेकडो माणसांसमोर ते ऐकणार? टाकून गेलेली आई अशी बोलते? कुणालाही कळलं असतं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"आवाज काढा," मी म्हणलं.

"या बाईंचा? काकू, हल्ली कॉम्प्युटरवर आवाज वेगळे करता येतात थोडेफार, पण इथं दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलतायत. त्यांचा काढला तर तुमच्या मुलाचाही जाणार."

"जाऊ द्या."

त्यानं चष्मा काढला. "काकू, तुम्हीच म्हणालात, नातीला वडिलांचा आवाज ऐकायचाय. त्यासाठीच तर करताय ना हे? तुम्ही स्वतः तीन दिवस रडताय इथं."

"मी रडते ते माझं मी बघते. सगळा काढा. वर सनई घाला."

"आहे तसा एक ठेवू का माझ्याकडं? पुढं कधी वाटलं तुम्हाला..."

"काही ठेवायचं नाही. माझ्यासमोर पुसा. आणि पुसलेलं कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यात जातं ते मला माहीत आहे, तिथनं पण काढा. माझी नात आयटीत आहे, मला शिकवू नका."

त्यानं पुसलं. दोनदा विचारलं, दोनदा मी हो म्हणलं. त्या दोघांचा आवाज आता जगात कुठंच उरणार नव्हता, हे मला एकटीला ठाऊक होतं. तरी थांबवलं नाही मी त्याला. खोटं कशाला सांगू?

घरी आल्यावर गच्चीत गेले, तिन्ही कॅसेटींच्या पट्ट्या ओढून काढल्या आणि तेलाच्या डब्यात पेटवल्या. काळा धूर, घाणेरडा वास. शेजारच्या सुमनताईंनी खालनं ओरडून विचारलं, "काय जाळताय हो कुसुमताई?" म्हणलं, "जुना कचरा." चौथी मात्र जाळवली नाही, ती रवीच्या खिशातनं आली होती. तशीच प्लास्टिकसकट कपाटात ठेवली. कोरी कॅसेट काय बोलणार?

रविवारी सकाळी स्वरूपा न्हाऊनमाखून, पूजेला बसावं तशी नवा ड्रेस घालून टीव्हीसमोर बसली. सुमनताईंचा जुना प्लेअर आणला होता. तबकडी आत गेली, सनई सुरू झाली.

"आवाज?"

"बुरशी लागली होती गं. चित्र वाचलं, आवाज गेला. मुकं कसं बघायचं म्हणून सनई घालायला सांगितली."

पोरीचा चेहरा असा पडला की बघवेना. पण गुणाची पोर. सरकत सरकत टीव्हीपाशी गेली, बापाच्या ओठांकडं बघत बसली. "आजी, इथं काय म्हणतायत बाबा?"

"म्हणतायत, माझी स्वरूपा मोठी साहेबीण होणार."

"आणि इथं?"

"इथं मला चहा मागतायत."

असं करत मी एकेक घालत गेले. पोरगी टिपं गाळत हसत होती. मग म्हणाली, "मी सारखी समोर बघतेय बघ. किती हसतेय! कुणाकडं बघतेय गं मी?"

"माझ्याकडं," मी म्हणलं. "कॅमेरा माझ्याच हातात असायचा."

"तुझ्या? तुला यायचं?"

"त्यात काय यायचंय? रवीनं शिकवलं होतं. बटण दाबायचं, धरून राहायचं."

तिनं येऊन माझ्या गळ्यात हात टाकले. "आजी, म्हणजे मी एवढं तुझ्याकडं बघून हसायची!" माझ्या मानेला तिचे डोळे ओले लागले. पाव तास, फार तर वीस मिनिटं, मी जिंकले होते. बावीस वर्षांत असं सुख झालं नव्हतं मला.

मग दिवाळी आली. आमची जुनी खोली, मालक खुर्चीत बसून आकाशकंदिलाला दोरा बांधतायत, रवी पायावर पोरीला झुलवतोय, आणि आतनं चकल्यांचं ताट घेऊन येतंय कोण? मी! साडेचार तास मी दुसरीला शोधत बसले, आणि स्वतःला बघितलंच नाही. ताट घेऊन आले, कॅमेऱ्याकडं कपाळाला आठ्या घालून बघितलं आणि हात उडवला, बंद कर ते म्हणून.

स्वरूपानं रिमोट दाबला. चित्र थांबलं, माझा हात तसाच वर.

तिनं बोटं मोजली. "आबा. बाबा. मी. तू." चार बोटं मिटली, अंगठा राहिला. "घरात आपण चौघं, चौघं इथं दिसतोय. मग पाचवं कोण आहे, आजी?"

"शेजारची असेल."

तिनं पुढं चालू केलं. सनई वाजत होती. ती हिरव्या बांगड्यांचा हात येईपर्यंत बघत राहिली, तो नाक पुसून गेला तिथं पुन्हा थांबवलं.

"शेजारीण येऊन माझं नाक पुसायची?"

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आमची आई म्हणायची. मी बसून राहिले. स्वरूपा चपला घालून बाहेर पडली. स्टुडिओ रविवारी अर्धा दिवस उघडा असतो. दुपारी आली तेव्हा चेहरा पांढराफटक.

"स्टुडिओतले काका म्हणाले, आवाज अगदी स्वच्छ होता. तू तीन दिवस बसून ऐकलास, आणि मग काढायला लावलास."

"त्या बाईचा काढायला लावला."

"बाबांचाही."

"तिच्यापायी माझा मुलगा गेला! एका कॅसेटपायी! तुला काय कळतंय?" मी ओरडले. बावीस वर्षं जे पोटात होतं ते ओरडले. पोरगी हलली नाही.

"कॅसेटी कुठं आहेत?"

"जाळल्या."

आता रडेल, भांडी आपटेल, असं मला वाटलं. तेवढं केलं असतं तर बरं होतं. ती समोर मांडी घालून बसली आणि शांत आवाजात म्हणाली, "तू ऐकलास ना? मग मला करून दाखव. बाबा कसे बोलायचे तसं बोल."

"अगं असं कसं..."

"बोल. एक वाक्य. त्या खांद्यावरच्या सीनमधलं. काय म्हणतायत ते खरं सांग, आणि त्यांच्यासारखं."

मी तोंड उघडलं. शब्द आठवत होते, ए चिमणे, कंपनीत कोण जाणार. पण आवाज? जड होता, घोगरा होता, हे मला माहीत आहे, ते मी तुम्हालाही सांगितलं. कानात मात्र येईना. डोळे मिटले, रवीचं तोंड आणलं समोर, ओठ हलले, आणि आत ऐकू आलं काय? "अहो, आधी तिचं नाक पुसा!" तिचं खिदळणं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच. तीन दिवस तीच सगळ्यांच्या वर बोलत होती, तीच बसली कानात. माझ्या मुलाला ढकलून तीच बसली. माझ्या तोंडातनं काहीतरी पातळ, बाईमाणसाचं निघालं आणि मी मधेच थांबले.

स्वरूपा बघत राहिली. "हा बाबांचा नाही," ती म्हणाली. "हा तिचा."

मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. मला तो उजेड बघून भीती वाटली.

"तिला आठवत असेल! आईला! ती तर रोज ऐकायची. ती करून दाखवेल." कित्येक वर्षांनी या घरात तिनं तो शब्द वापरला. "आजी, मला बाकी काही नको. जे केलंस ते केलंस. फक्त सांग, ती कुठली? माहेर कुठलं तिचं?"

एवढंच सांगायचं होतं. ती नाही, पोरी. चार वर्षं झाली. जिभेवर आलंही. आणि लगेच कळलं, हे सांगितलं की ही उठणार, बॅग भरणार आणि पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही. कशासाठी ठेवेल? माझ्याकडं द्यायला काय उरलं होतं?

"बार्शीकडचं," मी म्हणलं. वर्षालीचं माहेर फलटणचं.

"आडनाव?"

तेही दुसरंच सांगितलं. आमच्या नात्यातली जुनी माणसं गेली, राहिलेली माझ्या शब्दाबाहेर नाहीत.

या गोष्टीला आता चार महिने झाले. स्वरूपानं लग्न पुढं ढकललंय. तिचा होणारा नवरा, गणराज, चांगला मुलगा आहे, सुट्टीच्या दिवशी स्वतःची गाडी घेऊन येतो. दोघं दर रविवारी पहाटे बार्शीला जातात. ती शिवणकाम करायची एवढं मी सांगितलं, म्हणून शिंपीकाम करणाऱ्या बायकांकडं विचारतात, शाळांची जुनी रजिस्टरं बघतात. माझ्याशी तशी बोलत नाही ती. पण रविवारी परत आली की माझ्यासमोर बसते आणि विचारते, "आजी, आणखी काय आठवतंय तिचं? उंच होती? भाऊ किती होते?" मी थोडं थोडं सांगते. एका वेळी एकच गोष्ट, म्हणजे पुढच्या रविवारला उरते.

काल म्हणाली, "बार्शीत नाही सापडली, आता वैरागला बघतो." मी म्हणलं, "व्हय, वैरागला तिची मावशी होती बहुतेक." तिनं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मग दमून तिथंच सतरंजीवर झोपली. मी तिच्या अंगावर चादर घातली आणि रविवारच्या डब्याला कोणती भाजी करायची त्याचा विचार करत बसले.